सूचना पेटी शेवटी लावा: कारखान्यातलं ज्ञान फिरतं ठेवण्याची पद्धत, पायरीपायरीनं

मकरपुरा असो, पोर-रमणगामडी असो, मंजुसर असो की वाघोडिया, बडोद्याच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत मालकांशी किंवा प्लांट मॅनेजरशी बोलायला बसलं की एक तक्रार हमखास कानावर येते: "आमची माणसं मेहनती आहेत, पण स्वतःहून नवीन काही सुचवत नाहीत." मग उपाय सुरू होतात. गेटपाशी सूचना पेटी लागते, उत्तम सूचनेला बक्षीस जाहीर होतं, एखादं सॉफ्टवेअर घेतलं जातं. पहिल्या महिन्यात पंखा, पिण्याचं पाणी आणि कँटीनच्या चहाबद्दल चिठ्ठ्या येतात. पुढे त्याही बंद होतात आणि मालक म्हणतात, "बघा, केलं होतं, पण काही उपयोग झाला नाही."

यात उपायांपेक्षा क्रमाचा दोष जास्त असतो. कामातली नवी युक्ती बहुतेक वेळा दोन माणसांकडची अर्धी-अर्धी माहिती जुळली की सुचते. कॉइल गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्याला एक गोष्ट ठाऊक असते, टेस्टिंगवाल्याला दुसरी. ती दोघं एकमेकांशी कधी बोलतच नसतील, तर पेटीत पडणार काय? आणि ती बोलायला हवी असतील, तर बोलल्याबद्दल कुणाला त्रास होणार नाही याची खात्री आधी पटली पाहिजे. म्हणून आधी भीती काढायची, मग माहिती फिरवायची आणि सूचना त्यानंतर मागायच्या.

खालची पद्धत साधारण पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्यासाठी आहे. उदाहरणं ट्रान्सफॉर्मरच्या कामातली घेतली आहेत, कारण आपल्याकडे ते काम भरपूर चालतं. व्हॉल्व्ह, कास्टिंग किंवा औषधांच्या कारखान्यातही पायऱ्या याच राहतील.

## सुरू करण्यापूर्वी: चार गोष्टी ठरवून घ्या

वेळ. आठवड्यातली वीस मिनिटं, शिफ्टच्या आत आणि पगारी. शिफ्ट सुटल्यावर मीटिंग ठेवली तर कंपनीची बस निघून जाते, घरी जाणारा माणूस घड्याळाकडे बघत बसतो आणि ठेकेदाराची माणसं तर येतच नाहीत. कारखान्यातली निम्मी कामं त्यांच्याच हातून होत असतील, तर ती बाहेर राहिलेली चालणार नाहीत.

उत्तर देणारा माणूस. फ्लोअरवरून आलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायची जबाबदारी एकाच माणसाची हवी. त्याला ठरावीक रकमेपर्यंत, समजा पाच हजार रुपयांपर्यंत, कुणालाही न विचारता खर्च करायची मुभा द्या. चारशे रुपयांच्या फिक्स्चरसाठी तीन सह्या लागत असतील, तर पुढचं काही वाचू नका. आधी तेवढं सुधारा.

मालकांचा शब्द. स्वतःहून चूक सांगणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, चारचौघांत त्याला बोलणी बसणार नाहीत. याला अपवाद असतात आणि तेही पहिल्याच दिवशी सांगायचे: मुद्दाम केलेलं नुकसान, दारू पिऊन केलेलं काम, सुरक्षेचं इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करणं. अपवाद नंतर काढले की आधीच्या शब्दाला किंमत राहत नाही.

शिकवणाऱ्याचं नुकसान होणार नाही याची सोय. सगळ्यात मोठी गाठ इथेच असते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. कारागीर कॉइलमागे पैसे घेत असेल, तर दुसऱ्याला शिकवताना त्याचा हात मंदावतो आणि रोज बुडतो. शिकवण्याच्या तासांना त्याच्या सरासरी कमाईइतके पैसे द्या. पण पैशांहून खोल एक भीती असते: "माझी युक्ती सगळ्यांना कळली, तर मला कोण विचारणार?" ही भीती खोटी नाही. अनेकांनी शिकवलं आहे आणि त्यानंतर घरी बसवल्याचा अनुभवही घेतला आहे. म्हणून तोंडी आश्वासन देऊ नका, लेखी द्या. शिकवण्याचा भत्ता लिहा, पद लिहा. ५८ व्या वर्षी कर्मचारी पेन्शन सुरू होण्याच्या बेतात असलेल्या माणसाला नंतरचं वर्षभराचं कंत्राट हातात ठेवूनच "आता शिकवा" म्हणा.

> तपासा: या चारही गोष्टी एका कागदावर लिहून, मालकांच्या सहीनिशी, गुजराती आणि हिंदीत बोर्डावर लागल्या आहेत का? नसतील तर पहिली पायरी सुरू करू नका.

## पायरी १: ज्ञान कुठे अडकलंय ते शोधा

एक मोठा तक्ता करा. डाव्या रकान्यात प्रत्येक महत्त्वाचं काम आणि प्रत्येक मशीन. उजवीकडे एकाच प्रश्नाचं उत्तर: रात्री दोन वाजता हे अडलं, तर फोन कुणाला जातो?

हा प्रश्न ऑफिसात विचारू नका. तिथे हुद्द्यानुसार नावं मिळतात. नाइट शिफ्टच्या ऑपरेटरला विचारा, तो खरं नाव सांगेल. कित्येकदा ते नाव हेल्पर म्हणून लागलेल्या आणि गेली अनेक वर्षं ओव्हनजवळ उभ्या असलेल्या माणसाचं निघतं.

जिथे एकच नाव आलं, तो चौकोन लाल करा. लाल चौकोन भरपूर निघतील, घाबरू नका. त्यांतला एकच निवडा. निवडताना दोन गोष्टी बघा: तो माणूस निवृत्तीच्या किंवा नोकरी बदलण्याच्या किती जवळ आहे, आणि तो नसताना माल बिघडला तर नुकसान किती.

## पायरी २: एकच काम, पण नीट लिहा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ दरम्यान, अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी एक प्रशिक्षण योजना चालली. त्यातल्या दोन रकान्यांच्या तक्त्याला पुढे तिसरा जोडला गेला, आणि तो तक्ता आजही उत्तम चालतो: मुख्य पायरी, कळीचा मुद्दा आणि त्या मुद्द्याचं कारण. आपल्याकडच्या कामाच्या सूचनांमध्ये पहिला रकाना बहुधा असतो. दुसरा क्वचित असतो, तिसरा तर जवळपास नसतोच.

हा तक्ता मुलाखत घेऊन भरता येत नाही. समोर बसवून विचारलं की जुना कारागीर म्हणतो, "अनुभवानं कळतं, साहेब." तो टाळत नसतो. हाताला जे कळतं ते तोंडाला सांगता येत नाही, एवढंच. त्याच्या शेजारी उभं राहा, तीन-चार जॉब पूर्ण होईपर्यंत बघा, आणि त्याचा हात जिथे थांबेल तिथे विचारा: "काका, आत्ता काय बघितलंत?"

एक उदाहरण सविस्तर घेऊ. कोअर-कॉइल असेंब्ली (ट्रान्सफॉर्मरचा पोलादी गाभा आणि त्यावरच्या कॉइल) ओव्हनमधून बाहेर काढून टाकीत बसवण्याचं काम. छापील सूचनेत तीन ओळी असतात: ओव्हनमधून काढा, बोल्ट घट्ट करा, टाकीत उतरवा. आता शेजारी उभे राहा. पावसाळ्याचे दिवस आहेत, हवा दमट आहे. काका ओव्हनच्या दाराला हातच लावत नाहीत. आधी क्रेन वर आणून ठेवतात. पाने मापाप्रमाणे ओळीनं मांडतात. टाकी आतून पुसून घेतलेली आहे ना ते बोट फिरवून बघतात, गॅस्केट जागेवर आहे ना तेही बघतात. व्हॅक्युम पंपावरच्या माणसाला हाक मारून "तयार आहेस ना?" विचारतात, आणि मग दार उघडतात.

छापील तीन ओळींच्या आधी घडलेलं हे सगळं कळीच्या मुद्द्यांत यायला हवं. कारणाच्या रकान्यात लिहायचं: वाळलेला कागद आणि प्रेसबोर्ड (इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा) हवेतला ओलावा पटकन ओढून घेतो. ओलाव्यानं इन्सुलेशनची ताकद घटते आणि कागद लवकर म्हातारा होतो. म्हणून ओव्हन उघडल्यापासून तेल भरेपर्यंतचा वेळ जितका कमी तितका बरा. बोल्ट पुन्हा घट्ट का करायचे, तेही लिहा: वाळताना कागद आणि प्रेसबोर्ड आकसतात, कॉइलची उंची कमी होते आणि आधी घट्ट असलेली पकड सैल पडते.

हे कारण कळलेला नवा मुलगा लाइट गेली, क्रेन अडली तर काय करायचं ते स्वतः ठरवू शकतो. नुसत्या तीन ओळी पाठ केलेला मुलगा तिथे अडतो. सुधारणा सुचतात त्या कारणं ठाऊक असलेल्यालाच.

कागद एकाच पानाचा ठेवा. भाषा जो वाचणार त्याची, म्हणजे फ्लोअरवर बहुधा गुजराती किंवा हिंदी. सोबत दोन-तीन फोटो. वर काकांचं नाव, खाली तारीख.

> सावधान: हे काम नव्या ट्रेनी इंजिनियरला टेबलावर बसून करायला देऊ नका. तो जुनी आयएसओची फाइल उघडून भाषा बदलून देईल. आणि व्हिडिओ काढला म्हणजे झालं असंही समजू नका. व्हिडिओत हात दिसतो, कारण दिसत नाही.

> तपासा: ज्यानं हे काम कधी केलेलं नाही, त्याच्या हातात पान द्या. काका शेजारी उभे राहतील, पण बोलणार नाहीत. त्यानं प्रत्येक पायरी करताना 'हे का' ते मोठ्यानं सांगायचं. जिथे अडखळेल तिथे दुरुस्ती पानात करायची. त्याच अमेरिकी योजनेचं घोषवाक्य होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

## पायरी ३: चूक सांगायची रीत बसवा

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. उलगडा असा झाला की त्या गटांत लोक चूक झाकत नव्हते, उघड बोलत होते. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही जिथे बोलायची भीती कमी, तिथे शिकणं जास्त असंच दिसलं.

तुमच्यासाठी याचा सरळ अर्थ हा: ही पायरी सुरू केल्यावर पहिले काही महिने रिजेक्शन आणि रीवर्कचे आकडे वाढलेले दिसतील. चुका वाढलेल्या नसतील, दिसायला लागलेल्या असतील. हे मालकांना आधीच सांगून ठेवा. महिनाअखेरीला आकडा बघून ते फ्लोअरवर येऊन ओरडले, तर सगळं तिथेच संपतं आणि पुन्हा उभं करायला वर्ष जातं.

पहिल्या दोन-तीन घटनांत सुपरवायझर काय बोलतो, यावर सगळा कारखाना डोळे लावून बसलेला असतो. त्याच्याकडून हे बोलणं घोटून घ्या (ट्रान्सपोझिशन म्हणजे कॉइल गुंडाळताना तारांच्या जागा ठरल्याप्रमाणे आपसात बदलणं):

"साहेब, माझ्याकडून ट्रान्सपोझिशन चुकलं वाटतं."
"बरं झालं सांगितलंस. कॉइल कुठे आहे?"
"मशीनवरच आहे, पुढे दिली नाही."
"आधीच्या दोन कॉइलमध्येही असं झालं असेल का? चल, आत्ताच बघू."

पहिलं वाक्य आभाराचं, दुसरं मालाबद्दल, तिसरं व्याप्तीबद्दल. "का झालं?" हा प्रश्न दुसऱ्या दिवशी. त्याच क्षणी "का?" विचारलं की माणूस कारण देत नाही, बचाव देतो.

दुसऱ्या दिवशी चार प्रश्नांवर दहा मिनिटं बोला. अमेरिकी लष्करात प्रत्येक सरावानंतर हेच विचारतात: काय व्हायला हवं होतं? काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय करायचं? हेच चार प्रश्न उत्तम पार पडलेल्या जॉबवरही विचारा. फक्त बिघडल्यावर बैठक होत असेल, तर बैठकीचं नाव निघताच माणसं आकसतात.

## पायरी ४: शिफ्ट बदलताना दहा मिनिटं

जाणारा आणि येणारा, दोघंही मशीनजवळ उभे. वहीत तीन रकाने: काय बदललं, काय अर्धं राहिलं, कशाची शंका आहे. तिसरा रकाना रिकामा ठेवायला परवानगी नाही. काहीच शंका नसेल तर 'नाही' असं लिहून सही.

व्हॉट्सॲप ग्रुप फोटो पाठवायला चांगला, साठवायला वाईट. शुभ सकाळच्या चित्रांत आणि सणांच्या शुभेच्छांत कामाची गोष्ट दोन दिवसांत गाडली जाते, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या फोनमधलं सगळं त्याच्याबरोबर जातं. ग्रुपवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी वहीत उतरवायची.

## पायरी ५: दोन विभाग एका टेबलाशी आणा

आता त्या वीस मिनिटांचा उपयोग. दर आठवड्याला टेबलावर एक खरी वस्तू ठेवा: नापास झालेला भाग, कापलेली पट्टी, जळालेला नमुना. प्रेझेंटेशन नको. वाइंडिंग, कोअर, टेस्टिंग, मेंटेनन्स, स्टोअर आणि खरेदी, प्रत्येकाकडून एक माणूस.

समजा टेस्टिंगमध्ये काही जॉबचा नो-लोड लॉस (भार नसतानाही ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज) जास्त येतोय. टेस्टिंगवाल्याकडे आकडे आहेत, तारखांसकट. कोअर कापणाऱ्याला ठाऊक आहे की ब्लेडला धार कधी लावली. बोथट ब्लेडनं सीआरजीओच्या (कोअरच्या खास पोलादाच्या) पट्टीला कडेला बर, म्हणजे बारीक कंगोरा येतो, बरमुळे पट्ट्या एकमेकींशी विजेनं जोडल्या जातात आणि एडी करंटचा (पोलादातच गोल फिरणाऱ्या प्रवाहाचा) लॉस वाढतो. हे पुस्तकी ज्ञान दोघांकडेही असतं. पण टेस्टिंगचे आकडे आणि धार लावल्याच्या तारखा एकाच कागदावर शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच काही दिसत नाही. दिसलं की मग कुणीतरी म्हणतं, "धार अंदाजानं का लावायची? कापांची संख्या मोजून लावूया." झाली सुधारणा.

मोठ्या शोधांचंही असंच असतं. थ्रीएममध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ साली हलका चिकटणारा, सहज निघणारा गोंद बनवला. त्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना, पण ते कंपनीत सगळ्यांना त्याबद्दल सांगत राहिले. त्यांचं बोलणं ऐकलेल्या आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये पुस्तकात टिकणारी खूणपट्टी हवी होती, तेव्हा तो गोंद आठवला. चिकटचिठ्ठ्या बाजारात सर्वत्र आल्या १९८० मध्ये. सिल्व्हर गप्प बसले असते, तर गोंद कपाटातच राहिला असता.

बैठकीचे नियम दोनच, पण कडक. सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलणार आणि साहेब सगळ्यात शेवटी, कारण साहेब बोलले की माना डोलायला लागतात. दुसरा नियम आपल्या मराठी मंडळींसाठी. डिझाइन आणि क्वालिटीत आपली दोन-तीन माणसं असली की बोलता बोलता मराठी सुरू होतं. आपल्याला कळतही नाही, पण समोरचा गुजराती फिटर आणि बिहारहून आलेला ऑपरेटर त्याच क्षणी गप्प होतात. त्यांना वाटतं, निर्णय आपसात होतोय. टेबलाशी सगळ्यांना कळेल तीच भाषा. आपलं मराठी डब्याच्या वेळी आहेच.

बाहेरची माहितीही आत आणा. मकरपुऱ्यात एर्डाच्या (विजेच्या उपकरणांची तपासणी आणि संशोधन करणाऱ्या संस्थेच्या) प्रयोगशाळेत तपासणीला जॉब गेला की नुसता इंजिनियर पाठवू नका, जॉब बांधणाऱ्यांपैकी एकाला सोबत न्या. आपल्या हातचं काम कसोटीला लागताना बघितलेला माणूस परत येऊन जे प्रश्न विचारतो, ते ऑफिसात कुणाला सुचत नाहीत.

> तपासा: सलग चार बैठकांत तीच तीन माणसं बोलत असतील, तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. तिसऱ्या पायरीत काहीतरी राहिलंय.

## पायरी ६: आता सूचना मागा

टोयोटानं कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत १९५१ साली सुरू केली आणि ती टिकली. टिकण्यासाठी तुम्हाला सांभाळायचं ते हे:

प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर. उत्तरं तीनच: करतो, करून बघतो (तारखेसह), करत नाही (कारणासह). तिन्ही बोर्डावर लावायची. नकारानं माणूस दुखावत नाही, उत्तर न आल्यानं दुखावतो.

पंखा, पाणी, शौचालय यांच्याबद्दलच्या चिठ्ठ्या आधी निकाली काढा. "ही काय सूचना झाली?" असं म्हणू नका. कुणी वाचतं की नाही हे माणसं त्यातून पारखत असतात. शिवाय मे महिन्यात ओव्हनजवळ उभ्या राहणाऱ्याला पंखा हवा असणं हा कामाचाच प्रश्न आहे.

एकच मोठं बक्षीस ठेवू नका. कल्पना कुणाची, यावरून भांडणं होतात आणि पुढच्या वेळी प्रत्येक जण आपली युक्ती झाकून ठेवतो. स्वीकारलेल्या प्रत्येक सूचनेला सारखी छोटी रक्कम द्या, आणि ज्यानं सुचवलं त्याच्याबरोबर ज्यानं मदत केली त्याचंही नाव लावा. लिहिता न येणाऱ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. ठेकेदाराच्या माणसालाही तेवढीच रक्कम.

## पायरी ७: छोटा प्रयोग, आधी मोजणी

एक मशीन किंवा एक बॅच. सुरू करण्यापूर्वी पाच गोष्टी लिहा: आजचा आकडा, अपेक्षित आकडा, संपण्याची तारीख, मोजणारा, आणि मध्येच थांबवण्याचा अधिकार कुणाला. आजचा आकडा न घेता केलेल्या प्रयोगावर नंतर फक्त वाद होतात.

फसलेल्या प्रयोगाचं पान फेकू नका. 'हे करून पाहिलं' अशा नावाची फाइल ठेवा. दोन वर्षांनी नवा इंजिनियर तीच कल्पना घेऊन येईल, तेव्हा ती फाइल त्याच्या हातात द्या. मधल्या काळात माल किंवा मशीन बदललं असेल, तर कदाचित या वेळी जमेल.

> सावधान: टाइप टेस्ट (नमुन्यावर केलेली डिझाइनची पूर्ण कसोटी) झालेल्या डिझाइनमध्ये, इन्सुलेशनच्या अंतरांत किंवा ग्राहकानं मंजूर केलेल्या मालात डिझाइन विभागाच्या लेखी होकाराशिवाय कुणीही प्रयोग करायचा नाही, सूचना कितीही चांगली असली तरी.

## पायरी ८: पद्धत चालू ठेवा

महिन्याला तीन आकडे बघा: लाल चौकोन किती उरले, सूचनेला उत्तर द्यायला सरासरी किती दिवस लागले, आणि आजवर किती वेगवेगळ्या माणसांनी निदान एकदा काही सुचवलं. सूचनांची एकूण संख्या मोजू नका, ती फुगवता येते.

प्रयोग यशस्वी झाला की दुसऱ्या पायरीतलं पान त्याच आठवड्यात बदला, नवी तारीख आणि सुचवणाऱ्याचं नाव घालून. सुधारणा झाली आणि पान जुनंच राहिलं, तर पुढचा मुलगा जुनीच पद्धत शिकतो.

कुणी राजीनामा दिला की नोटिसीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कामाची पानं तपासून घ्या. शेवटच्या आठवड्यात तो निरोप घेत फिरत असतो. तसंच दिवाळीच्या सुट्टीआधी आठवडाभर सगळ्या वह्या पूर्ण करून घ्या. लाभपाचमीला मुहूर्त झाला तरी गावी गेलेली सगळी माणसं लगेच परतत नाहीत, आणि पहिले काही दिवस त्या वह्यांवरच कारखाना चालतो.

आणि नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला, हेल्पर असो की मॅनेजर, महिना पूर्ण झाल्यावर बोलवा आणि विचारा: "इथे तुला काय विचित्र वाटलं?" त्याची उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि पुढच्या वीस मिनिटांच्या बैठकीत तीच आधी वाचा. दोन-तीन महिन्यांत त्याला त्याच गोष्टींची सवय होते आणि मग विचारूनही काही निघत नाही.